गाडीच्या आतला कॅमेरा

टेमघरात नवी केबल आली, त्या वर्षीची गोष्ट. दात येत होते म्हणून हौसाची सात महिन्यांची लेक दोन दिवस झोपली नव्हती. शेवटी तिनं पोरीला नवऱ्याच्या मांडीवर दिलं. पंढरी टेम्पोवाला, रोज टेमघर ते अंबाडी फेऱ्या मारायचा. तो टीव्हीवर मोटारींची शर्यत बघत होता.

पडद्यावर गाडीच्या आतल्या कॅमेऱ्यातून रस्ता दिसू लागला, तसा पंढरी प्रत्येक वळणाला डावी-उजवीकडे कलू लागला.

"हॉर्न मार की येड्या, पुढं वळण हाय," तो ड्रायव्हरवर करवादला.

मांडीवर डुलत पोरीचे डोळे मिटले. इतक्यात चित्र बदललं, गाड्या लांबून दिसू लागल्या. पंढरी सरळ बसला आणि पोर कुरकुरली.

हौसा कुजबुजली, "अहो, तुमी कशाला थांबलात? अंबाडीपर्यंत चालवा."

पंढरीनं पुन्हा डावीकडे कलत वळण घेतलं. अंबाडी यायच्या आत मायलेकी दोघी झोपल्या.