आधी मावशी

"हे हिरवं कशानं झालं?" मावशींनी विचारलं.

त्यांच्या डाव्या हातावर घडी केलेल्या चादरींची हनुवटीपर्यंत चळत होती आणि उजव्या हातात फोन होता. परवानगीताई समोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण मावशी नवं अ‍ॅप तपासत असताना आपण तोंड उघडायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

ताईंच्या हुद्द्याचं नाव एवढं लांब होतं की ते त्यांच्या घरच्यांनाही पाठ नव्हतं. काम मात्र सोपं सांगता येईल. रुग्णालयातल्या चौदाशे माणसांचे निरोप, बैठका, कागद सगळं एकाच सामायिक प्रणालीवर चाले, आणि त्या प्रणालीत कुठलं अ‍ॅप घ्यायचं, कोणाच्या फोनवर चढवायचं आणि कोणाच्या फोनवरून उतरवायचं हे ताई पाहत. कोणी छान छान म्हणत एखादं अ‍ॅप घेऊन आलं, की ते काय काय मागतंय हे त्या आधी वाचत. रोज सकाळी एक सुविचार दाखवणाऱ्या अ‍ॅपला सगळ्यांच्या मेल कशाला वाचायच्या असतात, असं त्या विचारत. त्यांच्या या नन्नाच्या पाढ्यामुळे डॉक्टरांनी त्यांना परवानगीताई म्हणायला सुरुवात केली. ताईंना ते नाव मनापासून आवडत होतं.

अ‍ॅप तपासायला मावशींची नेमणूक एका चुकीतून झाली होती. सहा वर्षांपूर्वी ताईंनी रजेच्या अर्जाचं एक अ‍ॅप घाईघाईत चढवलं. 'कोणासाठी' या रकान्यात चाचणीची पाच माणसं निवडायची, तिथे त्यांनी 'सर्व' निवडलं. आलेला प्रत्येक अर्ज कारणासकट सगळ्यांना कळवायचा, अशी त्या अ‍ॅपची समजूत होती. नोंदणी विभागातल्या कारकुनाची मूळव्याध चार मिनिटांत चौदाशे फोनांवर पोचली. पुढे महिनाभर लोक त्याला आपुलकीने उशी आणून देत होते. तो बिचारा हसून घ्यायचा, पण तो समोरून आला की ताईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. एक नवा गट केला, त्याला 'आधी मावशी' असं नाव दिलं आणि त्यात एकाच माणसाला घेतलं. लाँड्रीतल्या मावशींना न समजलेलं समजल्यासारखं दाखवायची सवय नव्हती, आणि त्यांचे हात कधीच मोकळे नसत. जे मावशींना कोणालाही न विचारता जमेल, ते चौदाशे जणांना जमेल. सहा वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

आज मावशींच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. आणि आजच दुपारी दोन वाजता हे नवं अ‍ॅप सगळ्यांना द्यायचं ठरलं होतं. वॉर्डातून चादर, औषध, स्ट्रेचर, जे लागेल ते एका बटणावर मागवायचं, अशी सोय होती. मागणी आली की पिवळी खूण दिसे, काम झालं की हिरवी. वरच्या साहेबांनी ते पसंत केलं होतं, कार्यालयातल्या पन्नास जणांनी वापरून शाबासकी दिली होती. मावशींची तपासणी आता नावापुरतीच, असं साहेब सकाळी म्हणाले होते. त्या तपासणीसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातल्या सिस्टर चादरी मागवत होत्या.

"मी नुसतं वाचलं," मावशी सावकाश म्हणाल्या. "तर यांनी काम झालं म्हणून टाकलं. वरच्या सिस्टरला आता हिरवं दिसत असणार, आणि चादरी बघ, माझ्याच हातात आहेत."

ताई स्टुलावरून उठल्या. चादरीचं एक वेळ ठीक, पण उद्या कोणी स्ट्रेचर मागवलं आणि कोणी तो निरोप फक्त उघडून पाहिला तर? घड्याळात साडेबारा वाजले होते. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब आधी समजावणीच्या सुरात बोलले, मग त्यांचा आवाज चढला. पन्नास जणांना जे दिसलं नाही ते एका लाँड्रीवालीला दिसलं, असं त्यांना वर कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? तरी, माझ्या हातून हे आज चढणार नाही, एवढं ताई बोलून गेल्या.

दहा मिनिटांत साहेब खाली लाँड्रीत हजर झाले. कपाळावर आठ्या होत्या. मावशींनी त्यांना या म्हटलं, आणि काही कळायच्या आत चादरींची चळत त्यांच्या हातावर ठेवली. मग आपला फोन त्यांच्या उरलेल्या हातात दिला.

"वॉर्डानं पुन्हा चादरी मागितल्यात," त्या म्हणाल्या. "वाचा."

साहेबांनी कसाबसा अंगठा टेकवला. खूण हिरवी झाली.

"पोचल्या का चादरी, साहेब?"

इस्त्रीवाल्या दोघी तोंडाला पदर लावून कामात गढून गेल्या होत्या. साहेबांनी विचारलं, ही चळत ठेवू कुठे? मावशी म्हणाल्या, नेहमी आम्ही ती वॉर्डात नेऊन ठेवतो.

आणि साहेबांनी ती नेली. जिन्याने, दुसऱ्या मजल्यावर. परत आल्यावर त्यांनी अ‍ॅप बनवणाऱ्यांना फोन करून चार दिवस मागून घेतले, आणि मावशींना निरोपाच्या चहाला मी येतो म्हणाले. आले, आणि सगळ्यांसमोर घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. मावशींना लाजल्यासारखं झालं होतं, पण त्या दिवसभर खूश होत्या. ताईंना तर आपणच निवृत्त होतोय असं वाटत होतं. जाताना मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "तू पण जरा हात भरलेले ठेवून बघत जा गं. सगळं कळतं."

सहा वाजता नियमाप्रमाणे मावशींचं खातं बंद झालं. ताईंच्या पडद्यावर सूचना आली, की 'आधी मावशी' या गटात आता कोणीही सदस्य नाही, गट काढून टाकायचा का? त्यांनी 'नाही' दाबलं आणि पर्स उचलली.

पाचव्या दिवशी दुरुस्त केलेलं अ‍ॅप आलं. ते आधी कोणाला द्यायचं, हे ताईंना लगेच ठरवता आलं नाही. मग रिकाम्या गटात स्वतःचं नाव घातलं आणि लाँड्रीत गेल्या. इस्त्रीवालीने न विचारताच त्यांच्या हातावर घड्या रचायला घेतल्या, हनुवटीपर्यंत. ताईंनी अंगठ्याने निरोप उघडला. खूण पिवळीच राहिली.

मग त्या जिना चढू लागल्या. चादरी अजून गरम होत्या.