पांढऱ्या मिशीची गाडी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा पुढचा बंपर आहे आणि स्वस्थ राहणे मला आजवर जमलेले नाही. जमणार तरी कसे? आत बसणाऱ्यांना गादी मिळते. मागच्या बंपरला जे होऊन गेले तेवढेच दिसते. मी मात्र सगळ्यांच्या पुढे. खड्डा आधी मला दिसतो, आडवे आलेले कुत्रे आधी मला दिसते आणि भिंत लागायची झाली तर तीही आधी मलाच लागते. त्यात मान वळवायची सोय नाही. गाडीत कोण हसले, कोण रुसले, ते नुसते कानावर येते. त्यामुळे जीव सदा टांगणीला.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळ्या प्लास्टिकचे बारीक दाणे तापवून पातळ केले, साच्यात दाबले आणि साचा उघडला तेव्हा मी झालो होतो. गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर चढले. मला कोणी रंग लावला नाही, कारण माझा काळेपणा माझ्या अंगचाच होता. त्याचा मला मोठा तोरा होता. ज्याला रंग लावलाय त्याचा उडेल, माझा काय उडणार, असे मी मनात म्हणत असे. गर्वाचे घर खाली म्हणतात. माझे घर तर आधीपासूनच खाली, चाकांच्या बरोबरीला.

आम्हाला घेतले ते बूट-चपलांच्या दुकानाच्या मालकांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. नवे बूट विकणे, उसवलेले शिवणे, झिजलेल्या टाचा बदलणे आणि पॉलिश, एवढा त्यांचा संसार. गाडी दुकानासमोर उभी राही, तोंड दुकानाच्या मोठ्या काचेकडे. त्या काचेत मला माझे रूप दिसे. आप्पांची मुलगी तेव्हा लहान होती. तिला घरात ठकी म्हणत. ठकी माझ्यावर बसून पाय हलवत बिस्कीट खाई आणि आई आतून ओरडे, "अगं उतर, तो काय झोपाळा आहे?" मला तर वाटे, बसू द्या हो. तेवढाच काय तो माझ्या जिवाला निवांतपणा.

पण त्या काचेवर दुपारचे ऊन पडे आणि तिथून उलटून माझ्या तोंडावर येई. वरून एक ऊन, समोरून दुसरे. कधी सुरुवात झाली ते कळले नाही. एक दिवस काचेत पाहिले तर मी राखेसारखा दिसत होतो. माझी वरची साय उन्हाने खाल्ली होती. बोट फिरवले की पांढरी भुकटी बोटाला लागे. पत्रा अजून लालभडक आणि त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरट पट्टा. जणू गाडीला पिकलेली मिशी फुटली होती.

हे नाव मी ठेवलेले नाही. ते ठकीच्या मैत्रिणीने ठेवले. तोवर ठकी मोठी होऊन इस्पितळात नर्स लागली होती. सकाळी आप्पा तिला गाडीने सोडत. पहिले काही दिवस गाडी थेट मोठ्या फाटकाशी जाई. मग एकदा ती मैत्रीण फाटकात उभी होती. ठकी उतरताच ती हसत म्हणाली, "काय गं, तुमच्या गाडीला मिशी आहे, तीही पांढरी? म्हातारबुवांना पेन्शन देऊन टाका आता." ठकीही हसली. पण मी तिच्या समोरच होतो. तिचे डोळे हसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ती म्हणू लागली, "बाबा, इथे कोपऱ्यावरच सोडा. पुढे गर्दी असते."

पुढे गर्दी नव्हती. मला रस्ता सरळ दिसत होता. कोपऱ्यावर औषधांचे दुकान होते. तिथे ती उतरे, मागे न बघता झपझप चालत जाई. मला ते फाटक लांबून दिसे आणि तिथपर्यंत जायची अशी काही ओढ लागे की इंजिन थांबले तरी माझी थरथर थांबत नसे.

आप्पांना कारण ठाऊक नव्हते. ते त्यांना कळले दुकानात. तीच मैत्रीण तुटलेली सँडल घेऊन आली. मनाने वाईट नव्हती बिचारी, जिभेला हाड नव्हते इतकेच. म्हणाली, "अय्या, ही मिशीवाली गाडी तुमची? म्हणजे तुम्ही तिचे बाबा! मग आत का येत नाही हो कधी? ती तर रोज कोपऱ्यावरून चालत येते."

आप्पांनी सँडल हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. "संध्याकाळी घेऊन जा," एवढेच म्हणाले. ती गेल्यावर बाहेर आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. कितीतरी वेळ बसले होते. मग अंगठ्याने माझ्यावर एक रेघ ओढली आणि अंगठ्याला लागलेल्या भुकटीकडे बघत राहिले.

आता मित्रांनो, आप्पांना जन्मभर एकच इलाज ठाऊक. जे काळे होते आणि पांढरे पडले, त्याला काळे पॉलिश. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी डबी आणली, ब्रश आणला आणि मला एखाद्या बड्या साहेबाच्या बुटासारखे घासले. आधी थर दिला, मग ब्रश मारला, शेवटी कापडाची पट्टी दोन्ही हातांनी ओढून असा काही पिळदार हात फिरवला की काचेत मी स्वतःला ओळखले नाही. मी नवा झालो होतो! आई दारात येऊन म्हणाली, "अहो, बूट झाले वाटतं सगळे, आता गाडीलाही?" आप्पा म्हणाले, "बघ तरी. आहे का मिशी?"

त्याच दिवशी ठकीची मुलाखत होती. नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरणार होते. कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून ती घाईघाईने आली. बुटाचा बंद सुटला होता. तो बांधायला तिने पाय उचलला आणि तोल सावरायला माझ्यावर टेकली.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. बूट चामड्याचा असतो, तो पॉलिश पिऊन घेतो. मी प्लास्टिकचा. माझ्यात काही मुरत नाही. सगळे वरच्या वर राहते आणि जो टेकेल त्याला लागते.

ते ध्यानात आले थेट कोपऱ्यावर. औषधवाल्याने हाक मारली, "ओ सिस्टर, मागे बघा!" कमरेपासून खाली हा एवढा काळा पट्टा. पुसायला गेली तर आणखी पसरला. आप्पा खाली उतरले, खिशातला रुमाल काढू लागले. त्या रुमालालाही पॉलिश होते.

"बाबा, राहू द्या!" ठकी म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तुम्हाला सगळं जग म्हणजे बूटच वाटतं का?"

आप्पांनी हात मागे घेऊन पाठीशी लपवले. ठकीने पाठ भिंतीला लावून मुलाखत दिली आणि नोकरी कायम झाली. पण घरी पेढे वाटून सांगायची ती बातमी तिने जेवताना आमटीत मीठ कमी आहे असे सांगावे तशी सांगितली, असे आईच पुढे शेजारणीला सांगत होती.

त्या दिवसापासून आप्पांनी गाडी बाहेर काढली नाही. ठकी बसने जाऊ लागली. माझ्यावर ताडपत्री आली. मित्रांनो, दुर्लक्ष म्हणजे काय ते मला ताडपत्रीखाली कळले. आजूबाजूला सगळे चालू असते, आपण सोडून. पॉलिश माझ्या खरखरीत अंगात वाळून त्याच्या खपल्या झाल्या. वर धूळ बसली. मी अंधारात नुसता ऐकत राहिलो.

ऐकू येत होते तेही बरे नव्हते. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आई सुईत दोरा ओवून देई तेव्हा शिवण होई. एकदा गिऱ्हाइकाच्या तपकिरी बुटाला त्यांनी काळे पॉलिश लावले. गिऱ्हाईक ओरडून गेले. आई म्हणाली, "आता तरी ऑपरेशन करून घ्या. पोरगी त्याच इस्पितळात आहे, सगळं ती बघेल."

"नको."

"का नको?"

"तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांतले. माझे हात हे असे. कशाला तिला चारचौघांत खाली बघायला लावू?"

"आणि आंधळे झालात मग?"

"अंदाजाने शिवेन."

हे बोलणे ठकीनेही ऐकले असावे. कारण पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताडपत्री निघाली आणि समोर ठकी उभी. हातात बादली, खांद्यावर फडके. शेजारच्या गल्लीतले डेंटरकाका गाड्यांचे पोचे काढत. त्यांच्याकडून तिने गरम हवा फेकणारे यंत्र मागून आणले होते. काकाही बरोबर आले होते.

"आधी जुनं सगळं काढ, पोरी," ते म्हणाले. "खपलीवर औषध लावून काय उपयोग?"

"काका, हे तुम्ही मला सांगताय?" ठकी म्हणाली. "माझं रोजचं काम आहे ते."

आणि खरेच, तिने मला गाडीसारखे धुतले नाही, रोग्यासारखे धुतले. साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक खाच साफ केली. मग कापसावर स्पिरिट घेऊन पुसले. कापूस काळा झाला की नवा घेई. लाल पत्र्याला आच लागू नये म्हणून कडेने पट्टी लावायची होती. तिने इस्पितळातली चिकटपट्टी लावली. काका हसून म्हणाले, "आता सलाईन तेवढं राहिलंय." मग यंत्र तिच्या हातात देऊन त्यांनी बजावले, "एक ध्यानात ठेव. हात हलता ठेवायचा. थांबलीस की जळलं."

काका गेले. यंत्र घोंघावू लागले. मला माझा साचा आठवला. तीच ऊब होती. गरम हवा माझ्यावरून फिरे आणि तिच्या मागोमाग राखेतून काळा रंग वर येई. तो कोणी लावलेला नव्हता, माझाच होता. आत कुठेतरी दडून बसलेला.

तेवढ्यात दुकानात स्टूल सरकल्याचा आवाज आला. ठकीने चटकन वर पाहिले. काचेवर ऊन चमकत होते, तिला आत काही दिसेना. पण मी खाली होतो. काचेच्या तळाशी, उन्हाच्या चकाकीखाली, मला आप्पांचे पाय दिसत होते. ते दाराशी येऊन उभे होते. एक पाय उचलला, पुन्हा तिथेच टेकला. ठकी बघत राहिली. तिचा हात थांबला. माझा डावा कोपरा वितळून चकचकीत झाला.

"अरे देवा!" तिने यंत्र बाजूला घेतले. तोवर पाय मागे वळले होते. मला इतके तळमळायला झाले म्हणून सांगू! बये, ते आले होते, दारापर्यंत आले होते! पण बंपरला तोंड कुठले?

मग तिने माझ्यावर उन्हापासून राखणारे पातळ औषध चोळले आणि कोरड्या फडक्याने पुसून काढले. संध्याकाळी ती आत जाऊन एवढेच म्हणाली, "बाबा, उद्या ऑपरेशनला तुमचा नंबर लावलाय. गाडी मी चालवेन."

मग आप्पांचा आवाज आला. "येतो. पण मला कोपऱ्यावर उतरव. पुढे मी चालत जाईन."

सकाळी निघालो. कोपरा जवळ आला. औषधांचे दुकान दिसू लागले. मागून आप्पा म्हणाले, "इथे. ठके, इथेच थांबव."

ठकीने गाडी थांबवली नाही. दुकान मागे गेले आणि ते फाटक मोठे होत होत माझ्या अंगावर आले. फाटकात तीच मैत्रीण! माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, मिशी काळी केलीस?"

"हो," ठकी खाली उतरून म्हणाली. मागचे दार उघडल्याचा आवाज आला आणि आप्पांचा हात धरून ती माझ्यासमोर आली. तो काळपट, चिरा पडलेला हात तिने आपल्या पांढऱ्या बाहीवर घेतला. "हे माझे बाबा. तुझी सँडल यांनीच शिवली. अजून टिकली आहे ना?"

"म्हणजे काय! बाकीची झिजली, शिवण तशीच आहे," मैत्रीण म्हणाली. आप्पांचे अडखळणारे पाय त्यानंतर नीट पडू लागले. मी मोजत नव्हतो, पण बघत होतो.

ऑपरेशन झाले, दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. गडद चष्मा लावून आप्पा बाहेर आले आणि गाडीत बसायचे सोडून माझ्यासमोर उकिडवे बसले. चष्मा थोडा वर केला.

"बाबा, उजेडात नको," ठकी म्हणाली.

"थांब जरा." त्यांचे बोट माझ्या डाव्या कोपऱ्यावर थांबले. "इथे काय झालं?"

"हात थांबला माझा. स्टूल वाजलं. वाटलं, तुम्ही बाहेर येताय."

आप्पा त्या चकचकीत डागावर अंगठा फिरवत राहिले. "आलो होतो," ते म्हणाले. "दारापर्यंत."

ठकीने मान फिरवली. आप्पांनी मग आपला तळवा माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला आणि उलटा करून पाहिला. तळव्याला काही लागले नव्हते.

"आणि काय गं," ते म्हणाले, "स्पिरिटने पुसलंस म्हणे याला? तुला सगळं जग म्हणजे पेशंटच वाटतं का?"

ठकी हसली. या वेळी डोळ्यांनीही.

मित्रांनो, ऊन कुणाचे ऐकत नाही. ते रोज काचेवरून उलटून माझ्याकडे येते. मी पुन्हा राखेसारखा होईन ही धास्ती मला आहेच आणि स्वस्थ बसणे माझ्या नशिबात नाही. पण आता आप्पा दुपारी गाडी वळवून सावलीत लावतात आणि ठकी अधूनमधून ते औषध चोळते. तुमच्या दारातही कोणी उन्हात उभे असेल, वस्तू असो वा माणूस, त्याच्यावर आपल्या डबीतले पॉलिश फासायची घाई करू नका. आधी धूळ झटका. जुन्या खपल्या हलक्या हाताने काढा. मूळचा रंग आत असतोच. आणि काम करताना आत कुणाचे स्टूल सरकल्याचा आवाज आलाच, तर हातातले यंत्र खाली ठेवा आणि तुम्हीच दार उघडा.