न मारलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी भीती आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. कानशिलाच्या आत, मेंदूत खोलवर बदामाएवढी एक जागा असते, तिथे माझं मूळ आहे. राळेगावच्या बाजूला एक तांडा आहे. तिथल्या मोतीबाईच्या डोक्यात मी चार वर्षांपासून राहते.

माझा जन्म पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात झाला. त्या सकाळी मोतीबाई आणि तिची थोरली जाऊ चंदाबाई कापूस वेचत होत्या. एकाएकी वाळकी पऱ्हाटी खसखसली, पिवळं काहीतरी उसळलं, आणि चंदाबाई दिसेनाशी झाली. मोतीबाई शेताच्या कडेला, धुऱ्यापर्यंत पळत गेली. तेवढ्या वेळात मी घडले. वाघाचा उग्र वास, पानांचा आवाज, तोंडातली तंबाखूची चव, सारं मी घट्ट धरून ठेवलं.

तांड्यात रीत अशी, की मौतीच्या घरी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून, झालं ते सुरात सांगत रडायचं. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण मला बाहेर काढलं की मी ओल्या सारवणासारखी मऊ होते. त्या वेळी जे पडेल ते माझ्यात रुततं, आणि मग मी वाळते.

घाटंजीकडून आलेल्या एका म्हातारीनं गळ्यात पडूनच विचारलं, "बाई, चंदानं तुले हाक नाही मारली का वो?"

मोतीबाई नुसती रडत राहिली. पुढच्या पाहुणीला ती म्हणाली, "मारली असंन." आठव्या पाहुणीच्या गळ्यात पडून ती रडली, "मोती, ये मोती, म्हणे! अन् मी पळाली वो!"

पुढच्या हंगामात माझं कौतुकही झालं. पऱ्हाटी हलली की मी मोतीबाईचं काळीज धडधडवायची, आणि ती बायांना मागं ओढायची. एकदा खरंच रानडुक्कर निघालं. "मोतीचं भेव कामाचं हाय," असं तिचा नवरा भीमसिंग सांगत फिरला. मग मी वाढतच गेले. सरपणाचा भारा सरकला तरी मी उठू लागले. तेव्हा लोक हसू लागले.

चंदाबाईची मुलगी रंजिता मोतीबाईच्याच पदराखाली वाढत होती. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा हापशीवर तिच्या कानावर गोष्ट आली.

"काकी, खरंच मायनं हाक मारलती?"

"मारलती. दोन डाव."

पोर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी काकाला घेऊन ती वनखात्याच्या हापिसात गेली आणि पंचनाम्याची नक्कल घेऊन आली. अंगणात उभी राहून तिनं वाचलं. चंदाबाई गेली त्याच दुपारी मोतीबाईनं जबाबात सांगितलं होतं : कोणताही आवाज आला नाही, वळून पाहिले तेव्हा चंदाबाई दिसली नाही.

"हे पाय काकी, खाली तुयाच आंगठा हाय. वाघानं मायचं नरडंच धरलतं म्हणते यात. आवाज निंघंन कसा?"

"कागदाले काय मालूम? मले रोज आयकू येते, पोरी."

मित्रांनो, मी त्या सकाळी तिथे होते, तरी मला शपथ घेता येत नाही. माझ्यात आता हाक आहे. कागद होता तसा राहिला, मी होते तशी राहिले नाही.

रंजितानं कागदावर विश्वास ठेवला. तिनं मोतीबाईच्या पाठीवर हात ठेवला. "मले तुयावर राग नाही, काकी. मी अठीच, तुयाजवळ राहीन."

मोतीबाईनं तो हात बाजूला केला. "एकीले सोडून पळाली मी. तुयासाठी थांबीन, याचा काय भरोसा?"

भीमसिंगानं समजावलं, पोरीनं पाय धरले. मोतीबाईनं ऐकलं नाही. त्याच आठवड्यात तिनं रंजिताला मामाकडे घाटंजीच्या एसटीत बसवून दिलं.

मित्रांनो, भ्यालेल्या माणसाजवळ बसाल तेव्हा त्याला पोटातलं सांगू द्या. आपल्या मनातला प्रश्न मात्र त्याच्या तोंडात घालू नका, कारण तेव्हा मी ओली असते. पाठीवर ठेवलेला हातही माझ्यात रुततो. पुन्हा पुन्हा ठेवला तर माझी धार कमी होते, मीही निवत जाते. मोतीबाईच्या पाठीवर हात ठेवणारी पोर आता घाटंजीला असते.