मातीची साक्ष

"माणसं खोटं बोलतात, माती कधीच खोटं बोलत नाही," असं डॉक्टर केशवरावांनी बैलगाडीच्या चाकाशी उकिडवं बसून जाहीर केलं, आणि उठताना त्याच मातीवरून घसरून अकोल्याच्या कोतवालीच्या अंगणात सपशेल आडवे झाले.

पंजाबराव जमादारानं त्यांना हात देऊन उभं केलं. कोणी हसलं नाही. मुंबईच्या कॉलेजात डॉक्टरी शिकून आलेल्या माणसाला हसायची रीत अजून वऱ्हाडात पडलेली नव्हती. डॉक्टरांनी पगडी सरळ केली, पुन्हा बसले आणि चाकाच्या लोखंडी धावेवर वाळलेला चिखल सुरीनं खरवडून एका कोऱ्या मडक्यात भरू लागले. हात असा हलका, की जणू तान्ह्या लेकराचं जावळ काढताहेत.

गाडी चंद्रभानची होती. चंद्रभान आत कोठडीत होता.

बाळापूरच्या वाटेवर, पऱ्हाटीच्या एका शेतात, खुशालराव मुनीम डोकं फुटून मेलेला सापडला होता. आदल्याच बाजाराला कापसाच्या मापावरून चंद्रभाननं त्याची गचांडी धरली होती आणि "तुले पाहून घेतो" असं बजावलं होतं. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून अकोल्याच्या बाजारात रोज निदान अर्धा बाजार उरलेल्या अर्ध्याला पाहून घेण्याच्या गोष्टी करत असे. पण मेला एकटा खुशालराव, त्यामुळे फौजदाराला चंद्रभान पुरेसा होता.

"त्या दिशी मी निंभारीले होतो जी," चंद्रभान गजांआडून सांगे. "अवकाळी पाऊस आला अन् गाडी फसली. साऱ्या गावानं जोर लावला तवा निघाली. इचारा त्यायले."

"निंभारी तुह्यं कोन?" फौजदारानं विचारलं.

"सासरवाडी."

"मंग गाव काय सांगन, ते मी इथीच बसून सांगतो."

झालं. जावयाला फासावरून उतरवायला सासरवाडीनं खोटं बोलायचं नाही तर कोणी, हे फौजदाराचं म्हणणं खटला चालवणाऱ्या इंग्रज साहेबालाही पटलं. निंभारीला कोणी गेलं नाही. चंद्रभानची बायको कौशल्या कोतवालीबाहेर चिंचेखाली येऊन बसली, ती उठेना. अशा वेळी डॉक्टर केशवराव पुढे आले आणि म्हणाले, की माणसांना विचारूच नका, चाकाला विचारा. कसं विचारणार, हे मात्र त्यांनी साहेबाशिवाय कोणाला सांगितलं नाही. त्यासाठी लागणारं औषध मुंबईहून यायचं होतं.

तोवर मडकं जपायचं काम पंजाबरावाकडे आलं, कारण जप्तीचा माल त्याच्या ताब्यात असे. मालखाना भेसळीच्या कापसानं आढ्यापर्यंत ठासून भरला होता. त्यात माती, सरकी, एका बोजात तर चक्क एक जोडा सापडलेला. तिथं आणखी माती ठेवणं पंजाबरावाला धोक्याचं वाटलं. त्यानं मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ते घरी आणून देवाजवळच्या कोनाड्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक दर्शनाला येऊ लागले.

"हे का ते मडकं?"

"हेच."

"अन् ते कचेरीत बोलन?"

"डॉक्टर म्हन्ते, बोलन."

"मराठीत का इंग्रजीत?"

पंजाबराव गंभीर चेहऱ्यानं, "ते साहेबाच्या मर्जीवर हाय," असं सांगे. खरं तर त्यालाही माहीत नव्हतं. रात्रंदिवस घरात डोळ्यांसमोर असलेल्या त्या मुकाट मडक्याचा त्याला हळूहळू धाक वाटू लागला होता. त्याच्यासमोर तो बायकोशी भांडेनासा झाला. पार्बताबाई माळीण मळ्यातून जाता-येता मडक्यावर झेंडूचं फूल ठेवी, आणि ती गेली की पंजाबराव ते उचली, पण उचलण्याआधी हात जोडी.

त्याची बायको दुर्गाबाई हे सगळं बघत होती. एका सांजेला ती मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि मडक्याचं फडकं सोडून त्यावरून मूठ ओवाळू लागली.

"हे काय करून राहिली?"

"दृष्ट काढून राहिली. सारा गाव पाहून जाते. एका मानसाचा जीव हाय त्याच्यात, अन् त्याले नजर लागली तर?"

मूठ तिनं चुलीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या. नजर होती, असं ती म्हणाली. थोडं मीठ नि चार मोहऱ्या बोटांतून निसटून मडक्यात पडल्या होत्या. पंजाबरावानं ते पाहिलं, फडकं पुन्हा बांधलं आणि जेवायला बसला.

औषध आलं त्या दिवशी बाजार ओस पडला. अडते, गाडीवान, माळणी, सगळे साहेबाच्या कचेरीत आणि जे मावले नाहीत ते खिडक्यांना लटकले. चंद्रभानला बेड्या घालून आणलं. कौशल्या दाराशी बसली. मेजावर काचेच्या दोन नळ्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे डॉक्टर केशवराव, नव्या उपरण्यात.

"पूर्णेच्या काठच्या जमिनीत मीठ असतं," ते सावकाश बोलले. "तिथल्या विहिरीसुद्धा खाऱ्या. निंभारी त्या पट्ट्यात येते. बाळापूरच्या वाटेवरच्या त्या शेतात मात्र मीठ नाही. पाऊस दोन्हीकडे पडला, चिखल दोन्हीकडे झाला. आरोपीच्या चाकाला लागलेल्या चिखलात मीठ निघालं तर तो खरं बोलतो आहे. नाही निघालं, तर खुनाच्या जागी गेला होता."

पंजाबराव दाराजवळ उभा होता. मीठ हा शब्द ऐकला आणि त्याला दुर्गाबाईची मूठ आठवली.

"विहिरीचं पाणी मी वापरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पाण्याची वाफ करून ती थंड केली आणि त्यात माती धुतली. बाहेरच्या मिठाचा कणही नको, म्हणून. आणि या बाटलीत तेजाबात विरघळवलेली चांदी आहे."

चांदी म्हटल्यावर अडते पुढे सरकले.

पहिल्या नळीत खुनाच्या शेतातल्या मातीचं पाणी होतं. डॉक्टरांनी त्यात थेंब टाकला. काही झालं नाही. पाणी जसं स्वच्छ होतं तसंच राहिलं, आणि लोकांना वाटलं, एवढंच असतं.

मग त्यांनी मडक्यातली उरलेली माती बशीत पसरून भिंगातून पाहिली आणि थबकले.

"मोहरी," ते म्हणाले. "साहेब, यात मोहरीचे दाणे आहेत. ही गाडी मोहरीच्या शेताकडेनं गेलेली आहे. का रे, निंभारीला मोहरी पेरतात?"

चंद्रभाननं थोडा विचार केला. "सासूले इचारा लागन जी."

पंजाबराव दारापासून एक पाऊल पुढे सरकला. तोंड उघडायची वेळ हीच होती. पण डॉक्टरांनी दुसऱ्या, चाकाच्या मातीच्या नळीवर बाटली कलती केली होती आणि त्या क्षणी बोलणं म्हणजे आरतीत शिंकण्यासारखं झालं असतं.

थेंब पडला.

जिथं तो पाण्यात शिरला तिथं एक पांढरी नस उमटली. ती खाली उतरली, फाटली, तिच्यातून आणखी नसा फुटल्या, आणि बघता बघता नळीच्या आत बोंड उकलावं तसा शुभ्र ढग फुलून आला. पाण्यात पाणी मिसळलं होतं आणि त्यातून पांढरं काही जन्मलं होतं. कोपऱ्यात पार्बताबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. साहेबानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, तरी तो ढग तिथंच होता, हळूहळू तळाशी बसत. चंद्रभान तर आपला जीव त्यात लटकलेला आहे हे विसरून, तोंड उघडं टाकून नुसता बघत राहिला.

आणि पंजाबराव, ज्याला त्या ढगाची सगळी वंशावळ ठाऊक होती, त्याच्याही अंगावर काटा आला. रोज आपण भाजीत टाकतो ती ही चीज. तिच्या पोटात असं रूप दडलेलं असेल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"जमादार," डॉक्टरांनी विचारलं, "मडकं तुमच्या ताब्यात होतं. मातीला कुणाचा हात लागला?"

सारी कचेरी त्याच्याकडे वळली. दाराशी बसलेल्या कौशल्यानं मान वर केली. पदराचं टोक तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं.

"नाही जी," पंजाबराव म्हणाला. "मातीले कोनाचा हात नाही लागला."

ते अक्षरशः खरं होतं. आपण ते कौशल्यासाठी म्हणालो, की डॉक्टरांसाठी, की आपल्या नोकरीसाठी, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

चंद्रभान सुटला. डॉक्टरांनी सविस्तर अहवाल लिहून मुंबईला पाठवला, त्यात मोहरीला वेगळा परिच्छेद होता. फौजदारानं आपलाही संशय पहिल्यापासून दुसरीकडेच होता असं सांगायला सुरुवात केली.

"सुटला ना?" दुर्गाबाईनं ताट वाढता वाढता विचारलं.

"सुटला."

"मंग. दृष्ट काढली म्हून."

पंजाबरावानं मान खाली घातली. ती म्हणाली त्यात काढण्यासारखी एकही चूक त्याला सापडली नाही. तिनं मिठाची वाटी पुढे केली, तेव्हा तो नको म्हणाला.

"काहून? अळनी खासान?"

"आज अळनीच बरं."

त्याला झोप लागेना. ढग मिठाचा होता, आणि मीठ घरचं. मग चाकाची माती काय म्हणत होती? ती खारी होती की गोडी? ती गोडी असेल, तर आपण एका खुन्याला बेड्यांतून सोडवलं. कौशल्या एकदा येऊन मडक्यातली उरलीसुरली माती मागून घेऊन गेली, तुळशीला घालायला. त्यानं ती दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. बाजारात चंद्रभान दिसला की तो रस्ता बदलायचा. चंद्रभानला वाटे, मोठा मानी माणूस आहे, आभार नको म्हणतो.

अखेर पूर्णेकडच्या एका गावी समन्स बजावायचं काम निघालं. ते पंजाबरावानं मागून घेतलं, आणि येताना तट्टू निंभारीकडे वळवलं. पट्टा नि पगडी तट्टावरच्या खुर्जीत टाकली. त्याला कोणाला काही विचारायचं नव्हतं. त्याला फक्त तिथलं पाणी चाखायचं होतं. ते खारं लागलं की झालं. मग माती खारी, डॉक्टर खरे, चंद्रभान निर्दोष, आणि दुर्गाबाईचं चिमूटभर मीठ समुद्रात पडल्यासारखं.

गावाच्या तोंडाशी एक म्हातारा ओट्यावर पाय पसरून बसला होता. पायाला हळदीचा लेप आणि चिंध्या.

"काय झालं बाबा?"

"गाडीचं चाक गेलं. त्या अवकाळी पावसाच्या दिशी." म्हातारा बाजूला थुंकला. "आमच्या जानरावचा जावाई, चंद्रभान. चिखलात गाडी घालून बसला सकायपासून. सारा दिस आमी बैल झालो. गाडी निघाली ते माह्या पायावरून. अन् आता आयकतो का त्याले कोन्या मडक्यानं सोडवलं. मले कोनी इचारलं असतं तं मी हा पाय दाखवला असता, अन् वरून त्याले दोन जोडे हानले असते."

पंजाबरावानं वाकून तो पाय नीट पाहिला. छातीवरचं ओझं असं उतरलं, की तट्टाचा लगाम त्याच्या हातातून सुटला. मग त्याला तहान लागल्याचं जाणवलं.

विहिरीवर एक बाई दोर ओढत होती. त्यानं ओंजळ धरली, तिनं वरून धार लावली. पहिला घोट त्यानं तोंडात धरून ठेवला, डावीकडून उजवीकडे फिरवला आणि गिळला. दुसरा घेतला.

"बाई, गावात दुसरी विहीर हाय का? खारी?"

"खारी कायले असन," बाई म्हणाली. "खारं सारं त्या नाल्याच्या पल्याड. इकडच्या शिवारात मीठ नाही."

पंजाबरावानं मान वळवून पाहिलं. नाला उत्तरेला होता, आणि सबंध निंभारी त्याच्या अलीकडे. म्हणजे मडक्यात मीठ होतं, ते एकट्या दुर्गाबाईच्या मुठीतलं.