उजवीकडचा मजकूर

“इथल्या कागदांवरचं डावीकडचं इंग्रजी वाचून मोकळी होऊ नकोस गं. कोर्टात उजवीकडचं अरबीच धरतात,” शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या होत्या. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत “हो हो” म्हटलं. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, असं माझं तेव्हाचं मत.

दारात तुकारामभाऊ कागद घेऊन उभे. आमच्या अबुधाबीच्या बिल्डिंगचे एसी बघणाऱ्या कंपनीत फोरमन. २००९ उजाडलं होतं, मंदीने कामं बंद पडत होती.

“वहिनी, एवढं बघा. मी सही केली की बावीस जण करतील. सगळे आमच्याच वाडीतले.”

“सहा महिने बिनपगारी रजा, मग परत बोलावणार. करा सही.”

“सायबपण तेच बोलला. कामगारांच्या कॅम्पात येऊन आमच्यासोबत खजूर खाल्ला, कॉफी प्यायला. असं सोबत खाऊन कोण फसवील?”

कडेवर ईशानी रडत होती. डावीकडचं वाचायला मला जेमतेम दोन मिनिटं लागली.

उजवीकडे अरबीत राजीनामा होता. सहा महिन्यांनी तुकारामभाऊंनी गावाहून फोन केला तेव्हा कंपनीने सांगितलं, खलास, तुम्ही स्वतःच नोकरी सोडलीत.

परवा माझ्या मुलाने, वेदांगने शाळेतला प्रोजेक्ट पसरला. शाळा कॅनडाच्या अभ्यासक्रमाची, विषय तिथल्या मूळच्या क्री लोकांचे प्रमुख. १८७६ साली त्यांनी सरकारशी करार केला. पवित्र पाइप ओढून बोललेला शब्द त्यांना बांधील वाटे. सरकारने धरलं ते कागदावरचं. बिग बेअर नावाचा प्रमुख सहा वर्षं अडून राहिला. शेवटी माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा त्याने सही केली.

“मम्मा, हू रेड इट टू देम?”

“दुभाषा.”

“वॉज ही बॅड?”

“घाईत असेल,” मी खेकसले. “आणि कात्री जागेवर ठेव.”

मग गुहागरला तुकारामभाऊंच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, सगुणाने उचलला.

“पडवीत बसून असतात. वाडीतलं कोण बोलत नाय. कागद कोणी वाचलान विचारलं, तर सांगतात, मीच वाचला.”

अहो, त्यांना इंग्रजी येत नाही. वैताग नुसता. निदान माझं नाव तरी घ्यायचं.

आता तो फोन लागतच नाही. गुहागरकडे कुणी जाणार असाल, तर त्या पडवीत जरा डोकवा. जेवतात का, तेवढं बघा. आणि वाडीत सांगा, कागद वाचणारी बाई अबुधाबीत आहे.