बिनदुखीचे कान

महिपतीअण्णांचा हात गेल्या दिवाळीपासून थरथरायला लागला होता, आणि हे त्यांनी घरातल्या बायकोलाही कळू दिलं नव्हतं. नवी पेठेत चाळीस वर्षं तान्ह्यांचे कान टोचले त्या माणसानं. बाळ रडायला तोंड उघडेस्तोवर काम उरकलेलं असायचं. आता मात्र सोन्याची तार पाळीवर टेकवताना दोन-दोनदा श्वास धरावा लागत होता, आणि तेवढ्यात पोर रडून आकांत करायचं.

म्हणून त्यांनी बधिर करायचं मलम आणलं. मेडिकलवाल्यानं देताना बजावलं होतं, "अण्णा, हे डॉक्टरांच्या सांगण्यावरनं लावायचं. थोडंसं, ठरल्या वेळेपुरतं, मग पुसून टाकायचं. तान्ह्याला तर विचारल्याबिगर लावूच नका." अण्णा "व्हय व्हय" म्हणाले. अहो, गरजवंताला ऐकायचं तेवढंच ऐकू येतं! 'दुखत नाही' एवढंच त्यांच्या कानात शिरलं. आठ दिवसांत दुकानावर पाटी लागली: बिनदुखीचे कान टोचून मिळतील.

त्या बुधवारी वळसंगच्या बजाबाई आल्या. बरोबर सून वैजयंती आणि चाळीस दिवसांचा नातू. कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर हवं, आणि मामा म्हणजे बाळासो सांगोल्याहून येत होता. "मंगळवेढं सोडलंय," असा त्याचा फोन आला, तसं अण्णांनी बारा वाजता मलम लावून ठेवलं. मामा पोचला की लगेच टोचता येईल, असा हिशेब.

आणि वाटेत एसटी बंद पडली. आता बोला!

एक वाजला. मलम वाळलंसं वाटलं, म्हणून अण्णांनी पुन्हा थापलं. बजाबाई म्हणाल्या, "जाड लावा की अण्णा, पोर रडाया नगं." मग अण्णांनीही हात सैल सोडला. पाळीच्या मागं, गालावर, मानेपर्यंत लेप गेला. मलम पुन्हा वाळू नये म्हणून, सर्दीला छातीवर ठेवतात तशी विड्याची पानं तव्यावर गरम करून त्यांनी दोन्ही कानांवर बांधली. बाळ गुमान पडून होतं. किती शहाणं पोर आहे, असं सगळे कौतुकानं म्हणत राहिले.

दोन वाजता मामा घामाघूम होऊन आला आणि मांडी घालून बसला. अण्णांनी पानं सोडली, तार उचलली आणि बाळाच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ जांभळासारखे झाले होते. नखंही तशीच.

"आगं माय, दिष्ट लागली गं माझ्या राजाला!" बजाबाईंनी हंबरडा फोडला. वैजयंतीनं बाळ उचललं नि अनवाणीच रस्त्यावर धावली. रिक्षात अण्णाही शिरले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्या वाटेत ते आपल्या धोतराच्या सोग्यानं बाळाचे कान, गाल, मान पुसत होते. कुणी विचारलं नाही, ते काय पुसताहेत म्हणून.

सरकारी दवाखान्यात बाळाच्या नाकाला ऑक्सिजन लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी निळेपणा हटेना. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ऑक्सिजन चालू आहे, छाती साफ आहे, हृदयाचे ठोकेही ठीक आहेत. मग हा रंग कशानं? काही पाजलंत का? गुटी, काढा, कसलं औषध?"

"काय बी न्हाय पाजलं," बजाबाई रडत म्हणाल्या. "दूध नरड्यात गेलं आसंल, न्हायतर दिष्ट."

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. बंडीच्या खिशात ट्यूब होती. बाईंना सांगायचं तर चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत जाणार होतं. सांगायचं नाही तर... बजाबाईंनी तर परस्पर दृष्टीच्या माथी मारलंच होतं! अण्णांना भीती वाटली, लई भीती वाटली, आणि आपल्याला कशाची भीती वाटतेय हे लक्षात आल्यावर स्वतःची किळस आली.

त्यांनी ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

"बाई, हे लावलंय मी. दोनदा, जाड, मानेपर्यंत. वर गरम पान बांधून. बारापासून दोनपर्यंत. लावू नका म्हणून मला सांगितलं होतं." मग न विचारताच म्हणाले, "माझा हात कापतो. म्हणून लावत होतो."

बाळासोनं त्यांची गचांडी धरली. "म्हाताऱ्या, पोराला काय झालं तर—"

"सोडा त्यांना!" बाई ट्यूबवरची अक्षरं वाचत ओरडल्या. "ह्यानं रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नुसत्या ऑक्सिजननं भागायचं नाही. सिस्टर, आधी कान-मान साबणानं धुवा. रक्त तपासणीला पाठवा आणि शिरेतलं औषध तयार ठेवा."

औषध गेलं. पाऊण तासानं ओठांवर गुलाबी छटा आली आणि वैजयंतीनं बाळाचा पाय मुठीत धरला. बजाबाईंनी अण्णांकडं पाहिलं. 'जाड लावा' हे त्यांचंच बोलणं होतं, ते त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि नजर वळवली.

अण्णांनी सगळ्यांना हात जोडले. निघणार, इतक्यात बाई म्हणाल्या, "थांबा. हे मलम आज अजून कुणाला लावलंत का?"

अण्णा दारातनंच माघारी वळले. सकाळी सिद्धेश्वरी आली होती, तिची मुलगी सव्वा महिन्याची. चारला कान टोचायचे ठरले होते. खोळंबा नको म्हणून त्यांनीच मलम डबीत काढून दिलं होतं. घरनंच चांगलं जाड लावून या, म्हणाले होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. त्यांनी फोन लावला.

"अण्णा, निघालोच बघा," सिद्धेश्वरीचा हसरा आवाज आला. "आत्ताच लावलंय. तुमी सांगितलं तसं, चांगलं जाड."

"पुस पोरी. आधी सगळं पुस, साबणानं धू," अण्णा म्हणाले. बाळासो, बजाबाई, नर्सा सगळे ऐकत होते. "दुकानात येऊ नको. तिला घेऊन सरळ सरकारी दवाखान्यात ये, मी फाटकाशी उभा आहे. चूक माझी झालीय."

मग ते बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक रिक्षात वाकून बघू लागले.