खंडेनवमीचे हात

नखाच्या कडेला रुतलेली तेलाची काळी रेघ — राखेने घासून झालं, लिंबाने झालं, तरी ती आपली तिथेच. आणि आपल्याला तिचा राग का येत नाही, याचंच गिरधरला नवल वाटत होतं. राग आबांना, त्याच्या वडिलांना, येत होता. कौतिकभाऊ आपल्या मुलीसाठी गिरधरला पाहायला येणार म्हणून आबांनी मुद्दाम खंडेनवमी निवडली होती — आज जळगावच्या या कापसाच्या जिनिंगमध्ये हत्यारांची पूजा, यंत्रं बंद, म्हणजे पोराचे हात एक दिवस तरी माणसासारखे दिसतील.

"त्यायले म्या सांगेल आहे, पोरगा धुळ्याले सरकारी साहेब आहे," यावलहून आल्या आल्या आबा म्हणाले. "इथं पूजेले आला, एवढंच म्हन. बाकी तोंड उघडू नको, बाप्पा."

गिरधरला धुळ्याची ती खुर्ची सोडून वर्ष झालं होतं. काय होतं त्या खुर्चीत? दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांच्या कागदांवर सह्या, आणि संध्याकाळी पांढरेशुभ्र हात... पुण्याला इंजिनियरिंगला जाऊन मी काय सह्या करायला शिकलो होतो? आणि इथे — काल दिवस मावळता मावळता इंजिनाचं नवं बेअरिंग बसवून झालं, स्वतः धातू वितळवून ओतलेलं, केसाकेसाने घासून फिरत्या दांड्याला जुळवलेलं. आज चालवून पाहायचं, तर मुनीमाने सकाळीच चाकाला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

कौतिकभाऊ आले. स्वतःच्या केळीच्या बागा राखणारा माणूस, नजर सगळीकडे. इंजिनापाशी येऊन थांबले.

"हे कोन चालवतं?"

आबा खाकरले. त्या खाकरण्यात धाक होता, विनवणीही होती — आणि गिरधरला त्यांची दया आली, खरंच आली.

"मी," तो म्हणाला. "धुळ्याची नोकरी सोडली मी."

"पुन्याले शिकून तेलात हात?" कौतिकभाऊंनी विचारलं ते आबांना. आबांची मान खाली गेली.

त्या खाली गेलेल्या मानेचं गिरधरला वाईट वाटलं. लाज मात्र वाटेना, कितीही शोधली तरी सापडेना. जी वस्तू बोलती करायची तीच गप्प बसवायची आणि वर तिला कुंकू लावायचं — ही कसली पूजा? त्याने हार उतरवून खुंटीला अडकवला.

"अरे, आज नवमी आहे!" आबा ओरडले.

गिरधरने फुंकदिवा पेटवून इंजिनाचा माथा तापवला; त्याशिवाय ते सुरू होत नसे. मग त्याने दोन्ही हातांनी चाकाला हिसका दिला. एक धक्का... थांबलं. दुसरा... आणि छप्परभर ती लय. त्याने बेअरिंगवर तळवा ठेवला: कोमट, ठोका नाही, खरखर नाही. तळव्यावर कुंकू आणि तेल एकत्र झालं होतं.

मागे कौतिकभाऊ काही विचारत होते, की निघाले होते... वळून पाहायला हवं होतं. थांबायचं असेल तर थांबतील. नाही थांबले, तर नाही. आधी मला हे ऐकू दे.